कलकत्ता ते मुंबई, तीन वाहनांनी

रेल्वेनं

दोन रात्री, मधे नागपूर. माझे यजमान, माधव, कलकत्त्यात गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत अधिकारी. यांच्या मते माणसानं याहून वेगानं जाऊच नये.

सासूबाई मुंबईहून अशाच आल्या, ट्रंकेत पंचांग घेऊन. दर संकष्टीला चंद्र बघून उपास सोडायचा. पण पंचांगातली वेळ मुंबईची. कलकत्त्यात तो तासभर आधी उगवतो. गोदीच्या क्रेनवर चांगला हातभर चढलेला, आणि आम्ही गच्चीवर ताटं झाकून बसलेले.

"आई, तो काय चंद्र!"

"दिसतोय. वेळ झाली नाही अजून."

"मग तो आला कसा?"

"इथला चंद्र उतावळा आहे, उज्ज्वला."

श्रावणात त्या गच्चीवरच चक्कर येऊन पडल्या. साखरेचा आजार. डॉक्टर म्हणाले, उपास बंद, निदान जेवण लवकर. वीस वर्षांचा उपास बंद होणार नव्हता. सोडवायचा होता तो एक तास.

विमानानं

अडीच तास. नणंदेकडे, वृंदाकडे, बारशाला आम्ही दोघी मुंबईला गेलो. जाताना रेल्वेनं सासूबाई इतक्या थकल्या की परतीचं विमान काढलं. "रेल्वेवाल्याची आई विमानानं!" हे ट्रंककॉलवर ओरडले.

तिकीट मिळालं नेमकं संकष्टीचं.

हवाईसुंदरीनं खाणं आणलं. "चंद्र उगवल्यावर," सासूबाई म्हणाल्या. तिनं गोंधळून माझ्याकडे बघितलं.

मग काचेला गाल लावून:

"उज्ज्वला. अगं, हा बघ."

पुढे, जवळजवळ आमच्या खाली. केशरी, एका बाजूनं झिजलेला. पंचांगाला अजून पाऊण तास अवकाश.

"हा मुंबईचा की कलकत्त्याचा?"

"मधला."

"वृंदाला दिसत नसेल?"

"नाही. आपण त्याला सामोरे आलो."

पंखाच्या टोकावर लाल दिवा लुकलुकत होता.

"एवढं उडत येऊन गाठायचं," त्या हळूच म्हणाल्या, "आणि दारात तिष्ठत ठेवायचं?"

कागदी पेल्यातलं पाणी बशीत सोडून अर्घ्य दिलं. हात जोडले चंद्राला. मग, मी नीट पाहिलं, विमानाच्या पंखाला. डबा उघडून पहिला लाडू हवाईसुंदरीला.

चंद्रानं

पुढची संकष्टी. गच्ची. क्रेनमागून चंद्र वर आला. पंचांग सासूबाईंच्या मांडीवर, मिटलेलं.

"वाढ."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी वाढलं.

पहिला घास घेऊन सासूबाईंनी नदीच्या बाजूला, पश्चिमेला पाहिलं.

"वृंदा उपाशी असेल अजून."

"तासभर," मी म्हटलं.

"म्हणजे तासाभरात पोचतो हा मुंबईला?" त्यांचा घास हातातच राहिला. "विमानाला अडीच लागले गं!"

मग यांच्याकडे वळून:

"आणि तुझ्या मेलला दोन रात्री."

यांनी वरण मागितलं.