माळ्याची शिडी

कापडे गावचा गोमाजी डावरा. घास तेवढा उजव्या हातानं, बाकी सगळा कारभार डाव्यानं. कोयता डाव्या हातात, अडकित्ता डाव्या हातात, आणि तरुणपणी तुडीलच्या बंदरावरून त्यानं तुळसाला उचलली तीसुद्धा डाव्याच खांद्यावर. ही उचलून आणल्याची गोष्ट म्हणजे त्याची इस्टेट. शिमग्याला मुंबईकर गावी आले की तो पडवीत सुपारी कातरत बसायचा आणि गोष्ट काढायचा.

गोष्ट दरसाल वाढे. सावित्री नदीचं पाणी हातभर चढे. एका साली त्यात मगर आली, पुढल्या साली मगरीची पिल्लं आली. तुळसाचा बाप आधी काठी घेऊन मागं लागला होता. काठीचा भाला झाला, भाल्याची तलवार झाली. खरं पाहता तो गरीब माणूस त्या दिवशी महाडच्या बाजारात मडकी वाजवून बघत होता. भरतीच्या पाण्यावर गोमाजीची होडी महाडला लागली तेव्हा लेक पन्नास पावलांवरून गेली आणि त्याला पत्ता नव्हता.

तुळसा आतून चहा आणून ठेवायची आणि परत चुलीकडे जायची. तिच्या ध्यानात एकच यायचं, की एवढ्या मगरी आल्या, तलवारी आल्या, पण शिडी काही आली नाही. गोठ्यावरच्या पेंढ्याच्या माळ्यात तिला चढवून गोमाजीनं खालून शिडी काढून नेली होती. ओरडून घसा बसला, मग भाकरी दोरीला बांधून वर आली. बाप शोधत आला तेव्हा तिच्या लुगड्याला पेंढ्याचा वास बसला होता. आता हिला दुसरा कोण करणार, असं म्हणून त्यानंच भटजी बोलावला. गाव जेवलं. त्या जेवणात मीठ जास्त झालं होतं, हे गावाला अजून आठवत होतं.

त्या साली शिमग्याला गोमाजीचा पुतण्या हैबती मुंबईहून आला तो तोंड पाडूनच. तुडीलच्या राहीला त्यानं मागणी घातली होती आणि पोरीनं नाही म्हटलं होतं. एकदा नाही, दर खेपेला. हैबतीच्या डोक्यात दुसरं काही शिरेना. रस्त्यानं जाताना राही, जेवताना राही. शेवटी गोमाजीनं तोड काढली. हैबतीचा एक दोस्त ट्रक चालवायचा. तो दोनचार दिवसांत गोव्याकडून परत फिरणार होता. पोरगी पाण्याला आली की ट्रकमधून थेट कापड्याला. "माळा हाय आपला," गोमाजी म्हणाला. "झाडून ठेवू."

तुळसानं हे आतून ऐकलं. तुडीलला निरोप धाडावा, तर वाटेनं जाणारा प्रत्येक माणूस आधी गोमाजीशी तंबाखू खाऊन पुढं जायचा.

अशात पोलादपूरला तंबूचा सिनेमा आला. भुताचा पिक्चर. गाव लोटलं. तंबूवाल्याची रीत अशी, की मधोमध पडदा, पडद्यापुढं पुरुष आणि मागं बाया. चित्र पलीकडूनही दिसतंच. अक्षरं तेवढी उलटी दिसायची; पण सुलटी असती तरी वाचणार कोण, म्हणून कोणाची तक्रार नव्हती.

पिक्चर अगदीच फाटका. एक बंगला, त्याचं एकच दार; तेच दार कधी हवेलीचं, कधी तुरुंगाचं. भूत पांढऱ्या चादरीत, आणि चादरीतून बाहेर आलेल्या मनगटाला घड्याळ. गोष्ट अशी, की एक माणूस एका पोरीवर भुलतो. ती नाही म्हणते. तो तिला पळवून आणतो, पोटमाळ्यावर टाकतो आणि शिडी काढून घेतो. मग त्याची मेलेली पहिली बायको भूत होऊन येते. भूत आलं तेव्हा बाया हसल्या. शिडी निघाली तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. पलीकडून बघताना उजव्याचा डावा होतो. पडद्यावरच्या त्या माणसानं पोरगी डाव्या खांद्यावर टाकली आणि शिडी डाव्या हातानं ओढली.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर ज्याचं त्याचं मत निघालं. एकीला भुताचे केस आवडले, एकीला पोरीचं लुगडं. शेजारची प्रयागबाई भांडं घासता घासता बोलून गेली, "मेला डावरा होता गो." आणि तिचा हात भांड्यावरच थांबला. सगळ्यांनी तुळसाकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बघितलं.

तुळसानं हातातलं भांडं खाली ठेवलं. आत्ताच बोलायचं. या चारजणी उठल्या, आपापल्या घरात बोलल्या, तर राही वाचेल.

"माझी पण शिडी काढलीती," ती म्हणाली. "आता हैबती तुडीलच्या राहीला आणतोय. त्याच माळ्यावर."

प्रयागबाईनं पदर डोळ्यांना लावला. काल पडद्यावरच्या पोरीसाठी लावला होता तसाच. मग तो खाली केला आणि म्हणाली, "पण तुझं लगीन झालं ना गो. त्या पिक्चरवालीचं नाय झालं, तिचं वाईट वाटतं." बाकीच्यांनी माना हलवल्या आणि भांडी उचलली.

दुपारी पडवीत पुरुषांची मतं चालली होती. त्यांच्या बाजूनं तो माणूस उजव्या हाताचाच होता, त्यामुळे कोणाला काही आठवलं नाही. त्याला फाशी द्यायला पाहिजे होती, यावर एकमत झालं. हैबतीचं म्हणणं जरा वेगळं पडलं.

"येडा होता तो," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी गळ्यात मणी बांधायचे. मग पोलीस काय करतो नि भूत काय करतं?"

हे सगळ्यांना पटलं. फाशी रद्द झाली. कोणीतरी तुळसाला विचारलं, बायांच्या बाजूनं तो कसा दिसला.

"तुमच्या काकासारखा," तुळसा म्हणाली.

पडवी हसून लोळली. गोमाजीला तर सुपारीचा ठसका लागला.

ठसका उतरल्यावर काकापुतणे माळा झाडायला वर चढले. परड्यात भात उकडायला मोठं भांडं चुलाण्यावर चढवलेलं होतं आणि लाकडं कमी पडत होती. तुळसानं शिडी काढली, परड्यात ओढत नेली, कोयत्यानं तिचे तुकडे केले आणि एकेक करून चुलाण्यात सारले. वाळका बांबू, फटाफट फुटला.

वरून हैबती आधी हसला, मग शिव्या द्यायला लागला, मग त्यानं उडी टाकली. खाली दगडी गव्हाण. घोटा असा वळला, की त्याला झोळीत घालून महाडला डॉक्टरकडे न्यावं लागलं. गोमाजीचं उडी टाकायचं वय राहिलं नव्हतं. तो वरच बसला. वाडीत कोणाची शिडी तेवढी उंच निघेना. संध्याकाळी तुळसानं भाकरी दोरीला बांधली, दोरीचं दुसरं टोक आढ्यावरून टाकलं आणि ओढून भाकरी वर पोचवली. त्यानं दोरीकडे बघितलं आणि भाकरी सोडून घेतली.

ट्रक आला, कोणी दिसलं नाही म्हणून निघून गेला. हैबती लंगडत मुंबईला गेला. राहीचं लग्न वैशाखात वरंधला झालं, तिच्या मर्जीनं. तिला यातलं काहीच कळलं नाही.

गावाचं मत मात्र त्याच आठवड्यात ठरलं होतं. तुळसा वाईट. नवऱ्याला असं कोणी कोंडतं का? प्रयागबाई सगळ्यांत जास्त हळहळली. म्हातारा बिचारा पेंढ्यात कसा बसला असेल, असं म्हणून तिनं पदर डोळ्यांना लावला.

पुढल्या शिमग्याला गोमाजीनं गोष्ट काढली. तिला आता नवं शेपूट फुटलं होतं. गोठ्यात वाघ शिरला होता आणि पुतण्यानं त्याच्यावर उडी घेतली होती. मंडळींनी माना डोलावल्या. शिडीचं नाव याही खेपेला निघालं नाही.

तुळसानं चहा आणून ठेवला. गोमाजीला खाली उतरवायला माळ्याला नवी शिडी करावी लागली होती. ती तिच्या चुलीमागं, भिंतीला आडवी टांगलेली असायची, आणि पेंढा काढायचा झाला तर गोमाजीला आत येऊन मागावी लागायची.