पासवर्ड विचारणारी ओळ

आमच्या ह्यांना, हेमराजला, शेठने चोर ठरवून काढलं तेव्हा मी शेजारच्याच खुर्चीवर होते. सचिन गावातल्या साडी प्रिंटिंग मिलमध्ये आम्ही दोघं कॉम्प्युटरवर डिझाइन काढायचो. आमची नवी बॉर्डर मिलमधून निघायच्या आधीच रिंगरोडच्या मार्केटात दुसऱ्याच्या साडीवर दिसायला लागली होती. शेठने कॉम्प्युटरवरची नोंद बघितली. जेवणाच्या सुट्टीत डिझाइनचं फोल्डर ह्यांच्या नावाने उघडलेलं. त्या वेळी ह्यांनी डबा माझ्यासोबत खाल्ला होता, पण बायकोची साक्ष कोण धरतो?

कॉम्प्युटर सांभाळणारे मंदारभाई म्हणजे भला माणूस. तेच मला म्हणाले, "छायाताई, भोक प्रोग्राममध्येच आहे." फोल्डर शेठच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवर, आणि आम्ही सगळे डिझाइनवाले एकाच मशीनला जोडलेले. फोल्डर जोडायला एका ओळीत नाव आणि पासवर्ड लिहायचा. ती ओळ मशीनच्या चालू कामांच्या यादीत तशीच दिसायची, बघेल त्याला. म्हणजे घराला कुलूप आणि किल्ली दारावरच टांगलेली. फोल्डर जोडणारा हा प्रोग्राम फुकटातला, आतलं सगळं लिखाण उघडं, ज्याला जमेल त्याने सुधारावं. मंदारभाईंनी सुधारलं. आता मशीन पासवर्ड त्या ओळीत न घेता वेगळा विचारायचं, आणि टाइप केलेलं कुठेच दिसायचं नाही.

चोरी थांबली. मंदारभाई शेठला समजवायला गेले, तर शेठ म्हणाले, "हेमराज गेला, चोरी गेली. आणखी काय पाहिजे?" त्यांचा सुंठीवाचून खोकला गेला होता. इकडे चोर सोडून संन्याशाला फाशी. डिंडोलीतल्या खोलीत हे दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचे. दुसरा कुठला मिलवाला ह्यांना दारात उभं करीना. मला रडू यायचंही बंद झालं होतं. भाकरी थापायची, खायची, कामावर जायचं.

शेवटी मीच मंदारभाईंना म्हटलं, "ते विचारणं काढून टाका थोडे दिवस. हे घरी असताना चोरी झाली, तर ह्यांचं नाव तरी धुऊन निघेल."

"शेठला कळलं तर माझी नोकरी जाईल, ताई."

"माझ्या तोंडून कळणार नाही."

त्यांनी पुष्कळ आढेवेढे घेतले, मग गुपचूप काढलं.

थोड्याच दिवसांत माझी कैरीची बॉर्डर मार्केटात आली. ती साडी आणून मी शेठच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, "आता सांगा शेठ. हे तर घरी आहेत."

शेठने नोंद मागवली. मंदारभाई ती देऊन दाराशी उभे राहिले. फोल्डर जेवणाच्या सुट्टीतच उघडलं होतं. ह्या वेळी माझ्या नावाने. यादीत माझीही ओळ दिसत असणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

शेठ आवाज न चढवता म्हणाले, "छायाबेन, घर तो तमारुं एक ज छे ने?" घर तर तुमचं एकच ना.

मी तोंड उघडलं असतं तर सुटले असते. मंदारभाईंकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. पण माझ्या तोंडून कळणार नाही, असा शब्द दिला होता. मी हिशेब घेऊन बाहेर पडले. राग यायला हवा होता, तो आला नाही.

भर दुपारी घरी आले. ह्यांनी मान वळवून, काय झालं ते गावच्या बोलीत विचारलं. "काय व्हयनं?"

"आते मी बी चोर."

हे उठले नाहीत. भिंतीकडे सरकले आणि गोधडीवर माझ्यापुरती जागा केली. मीही आडवी पडले.