टायरवरचे चार आकडे

मित्रांनो, जवळा बाजारात खाजा मियांच्या गादीच्या दुकानासमोर एक जुनी निळी पिकअप उभी असते. ती मी. माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला, पण आयुष्य गेलं ते इथं, कापसाच्या मुलखात. सतरा वर्षं मी कापूस पिंजायचं यंत्र आणि तयार गाद्या वाहते आहे. आज गोरेगाव, उद्या हट्टा. खाजा मिया रोज सकाळी मला पुसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "निळीनं आजपत्तोर कदी दगा दिला न्हाई." ते ऐकून मला फार बरं वाटे.

माझ्या हौद्यात गाद्यांवर बसून रुख्मिणीबाई येत. दुकानातल्या सगळ्या गाद्यांना टाके त्याच घालत. त्यांचा टाका इतका सरळ, की लोकांना तो मशीनचा वाटे.

यंदाच्या उन्हाळ्यात माझे चारही टायर घासून गुळगुळीत झाले. ब्रेक लावला तरी मी हातभर पुढं घसरायची. शेवटी खाजा मियांनी मला किसनसिंगच्या टायरच्या दुकानात नेलं. सोबत त्यांची मुलगी फरहीन होती. ती हिंगोलीला आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचं शिकते.

किसनसिंगनं एक नवा टायर दाखवला. "ह्यो डांबरी रस्त्याचा, ओझं पेलणारा. पण माझ्याकडं एकच हाय. चार पायजेत तर हिंगोलीहून मागवावं लागतील. चार दिवस थांबा."

"चार दिवस? परवा हट्ट्याला लग्नाच्या गाद्या पोचवायच्यात. जबान दिलीय मी."

"मग हे बघा. एका साहेबाच्या गाडीचे हायत. गाडी वर्सानुवर्सं शेडात उभी व्हती. चाललेच न्हाईत."

खाजा मियांनी टायरच्या खाचेत बोट घातलं. अर्धं पेर आत गेलं. त्यांचा चेहरा खुलला. फरहीन मात्र खाली बसली. तिनं ओढणीच्या टोकानं टायरची कड पुसली आणि तिथले चार आकडे वाचले.

"अब्बा, अडतीस-सोळा. म्हंजे सोळा सालच्या अडतिसाव्या हप्त्यात बनलाय. नऊ वर्सं झाली. ह्या बारीक चिरा बघा, रबर वाळलंय."

"काहून तकलीफ करून राहिली बेटा? खाचा बघ की! चाललाच न्हाई तर खराब कसा व्हईल?"

"उभ्या उभ्याबी रबर म्हातारं होतंय, अब्बा."

किसनसिंग मान खाजवत म्हणाला, "पोरीचं बराबर हाय, मिया. पण घाई तुमाला हाय. तुमी ठरवा."

आणि मियांनी ठरवलं. फरहीन ओढणी झटकून बाजूला झाली.

मित्रांनो, ते चार टायर माझ्या अंगाला लागले तेव्हाच मला त्यांचा कडकपणा कळला. दिसायला ते भक्कम होते, पण रस्त्यावरचा खडा आला की वाकत नव्हते. मला ओरडून सांगायचं होतं. पण माझ्याजवळ होता एक हॉर्न, आणि तोही कुणी दाबल्याशिवाय वाजत नाही.

हट्ट्याला निघालो तेव्हा दुपार झाली होती. डांबर तापून मऊ झालं होतं. पुढं खाजा मिया आणि फरहीन, मागं गाद्यांच्या ढिगावर रुख्मिणीबाई. मागचं डावं चाक तापत चाललेलं मला जाणवत होतं. प्रत्येक खड्ड्याला वाटे, आता. मी काहीच करू शकत नव्हते, फक्त धावत होते.

मोठा आवाज झाला. टायर फाटून त्याच्या चिंध्या झाल्या. खाजा मियांनी स्टिअरिंग घट्ट धरलं, पण मी रस्ता सोडून नांगरलेल्या रानात उतरले. गाद्या उधळल्या. त्यांच्यासोबत रुख्मिणीबाईही खाली पडल्या.

"या अल्ला! बाई! रुख्मिणीबाई!" खाजा मिया धावले. फरहीननं बाईंचं डोकं मांडीवर घेतलं.

"मी बरी हाय," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "हातच हलंना झालाय."

उजवं मनगट मोडलं होतं.

त्या गाद्या दुसऱ्याच्या गाडीतून वेळेवर पोचल्या. चार दिवसांनी हिंगोलीहून नवे टायरही आले. या वेळी फरहीननं आकडे वाचले आणि खाजा मिया शेजारी मान खाली घालून उभे राहिले. आता मी नीट चालते, वेळेवर थांबते. पण रुख्मिणीबाईंचं मनगट जुळलं तरी बोटांत सुई टिकत नाही. खाजा मिया म्हणतात, "माझ्यामुळं झालं." त्या म्हणतात, "जाऊ द्या, मिया." आणि दोघं काम करत राहतात; बाई आता टाक्यांऐवजी कापूस भरतात.

मित्रांनो, आम्हा गाड्यांना बोलता येत नाही. आमच्या टायरवर लिहिलेलं तेवढं वाचा. खाचा पाहून भुलू नका, आणि घाई असेल तेव्हा तर मुळीच नाही.

अजून एक विनंती आहे. कधीमधी फरहीन हवा तपासायला माझ्या चाकाशी बसते आणि हळूच पुटपुटते, "मी अजून एकदा सांगायला पायजे होतं." तिचा काही दोष नव्हता. पण मी हे तिला कसं सांगू? तुम्ही कधी जवळा बाजारला आलात, तर माझ्या वतीनं एवढं सांगाल का?