आणीबाणीत कोणाला कळवायचं

शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. देश सोडताना त्याचं घर गेलं, दुकान गेलं, ही पदवी तेवढी बरोबर आली. पुनर्वसन संस्थेने त्याला तिसऱ्या मजल्यावर खोली दिली, जुनं शिलाई मशीन दिलं आणि सहा महिन्यांत पायावर उभं करायला एक बाई नेमून दिल्या. बाईंनी त्याला बँकेत नेलं, बसचा पास काढून दिला, कचरा कुठल्या डब्यात टाकायचा ते तीनदा सांगितलं.

सहावा महिना भरला तशा बाई शेवटचा अर्ज घेऊन आल्या. तो पुरा झाला तर खोली मास्तरच्या नावावर. नाहीतर पुन्हा वसतिगृह, आणि तिथे मशीनला मनाई. एकच रकाना अडला होता: आणीबाणीत कोणाला कळवायचं.

मास्तरने बाईंचंच नाव सांगितलं. संस्थेचं माणूस चालत नव्हतं. मग त्याने थोरल्या भावाचं सांगितलं, आणि तो वारून चार वर्षं झाली हेही लगेच सांगून टाकलं. माणूस इथलं हवं आणि जिवंत हवं, असं बाईंनी समजावलं.

मास्तर एकेक चेहरा आठवू लागला. सहा महिन्यांत त्याच्याशी आपणहून बोलणारं एकच माणूस होतं, खालच्या मजल्यावरची म्हातारी. मशीनच्या खडखडाटावरून ती रोज भांडायला यायची. परवा तिने तक्रार लिहून दिली होती, खाली फोन नंबर टाकून. बुडत्याला काडीचा आधार म्हणत त्याने ती चिठ्ठी पुढे केली.

बाईंनी नंबर फिरवला आणि नियमाप्रमाणे सुरुवात केली, की तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांच्या आणीबाणीसंदर्भात बोलायचं आहे. फोन कट झाला. झालं, मशीन गेलं, मास्तरच्या मनात आलं. त्याला रडूच कोसळलं.

तेवढ्यात जिन्यात धाप ऐकू आली. म्हातारी दारात उभी, एकाच पायात चप्पल, हातात औषधांचा डबा.

"काय झालं त्याला?"

मास्तर धडधाकट दिसताच तिचा पारा चढला. मेल्याने जीव घेतला माझा, म्हणत ती खुर्चीत कोसळली. सकाळपासून मशीन ऐकू आलं नाही, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली होती.

बाईंनी पेन उघडलं. नातं काय लिहू, असं विचारलं.

"भांडण," म्हातारी म्हणाली. "रोजचं आहे. लिहा."

बाईंनी लिहिलं.