आक्कांना दोन मिनिटे पुरली नाहीत

मी एक जुना माईक आहे. नगरपालिकेच्या सभागृहात माझी उभी हयात गेली. कारखान्यातून आलो तेव्हा मी कसा लखलखत होतो! सभापतीबाई मला टिचकी मारून विचारत, "ऐकू येतंय ना?" पुढे माझी मान सैल झाली. भाषण लांबले की ती हळूच खाली जाई आणि लोक खुदूखुदू हसत. मग नवे माईक आले. ते दोन मिनिटांनी आपोआप बंद होत. माझी रवानगी सभागृहातल्याच कपाटात, झाडूंच्या शेजारी झाली.

मित्रांनो, एके दिवशी सभागृह गच्च भरले. मेंदू तल्लख करणारे नवे औषध प्रत्येक बसचालकाने घ्यावे, नाहीतर नोकरी सोडावी, असा नियम येऊ घातला होता. डॉक्टरसाहेब भरभर बोलले, "औषधानं लक्ष टिकतं, अपघात टळतात. मग नको कशाला?" टाळ्या पडल्या.

नंतर आक्का उठल्या. चोवीस वर्षे बस चालवलेल्या, पण बोलणे अगदी सावकाश. त्या मुद्द्यावर येतात तोच माईक बंद!

शिपाईमामांना राहवले नाही. त्यांनी मला बाहेर काढले, सदऱ्याच्या बाहीने पुसले आणि जोडले. "बोला आक्का. हा म्हातारा मध्येच तोंड मिटत नाही."

सभापतीबाईंनी नियमांचे पुस्तक उघडले, मिटले आणि मान डोलावली.

माझी मान मात्र घसरू लागली. आक्कांनी ती गिअर धरावा तशी घट्ट धरली. "औषध चांगलं असेल. ज्याला हवं त्यानं खुशाल घ्यावं. मी घेऊन पाहिलं, माझी छाती धडधडते. आम्ही मंद नाही हो, दमलेले आहोत. बारा-बारा तासांची पाळी असते. आज गोळी देऊन बारा तास, उद्या दोन गोळ्या देऊन सोळा?"

डॉक्टरसाहेब चष्मा काढत म्हणाले, "बारा तास? हे मला कुणी सांगितलंच नाही! आधी यांना झोपू द्या."

हात वर झाले. औषध ऐच्छिक ठरले, पाळी आठ तासांची झाली आणि कुणाचीही नोकरी गेली नाही. चालकांनी आक्कांना जवळजवळ उचललेच!

मित्रांनो, आता मी पुन्हा टेबलावर असतो. तुमची एवढीच मदत हवी. जुन्या वस्तूवरची धूळ अधूनमधून झटका. आणि कुणी सावकाश बोलत असेल, तर त्याचे वाक्य पुरे होऊ द्या. खरी गोष्ट कधीकधी तिसऱ्या मिनिटाला येते.