अनुमोदकाचा नारळ

पारोळ्याच्या जिनिंग कंपनीची वार्षिक सभा म्हणजे गावजेवणच. कापसाच्या गोदामात सतरंज्या पडायच्या, चेअरमन रतिलालशेठ ठराव वाचायचा, शेअरवाले शेतकरी 'मंजूर' म्हणायचे आणि सगळे जिलेबीकडे वळायचे. अनुमोदनाचा मान दरसाल वना आबांचा. त्यांच्या हातात नारळ ठेवला की ठराव पास. ठराव कशाचा, हे आबांनी कधी विचारलं नव्हतं. फुकटचा मान मिळत होता, तेवढ्यात ते खूश.

अठ्ठ्याऐंशी साली मात्र ठराव आला जिनिंग मोडून जागा विकायचा. आबांचा पोरगा भिकन तिथंच फिटर. असल्या ठरावाला विरोधाच्या निदान तिप्पट हात लागतात, हे एव्हाना गावाला कळलं होतं. आदल्या दिवशी पारावर आबांनीच विरोध करणाऱ्या सगळ्यांना शपथ घातली होती, "कोनी फुटानं नई."

शेठनं ठराव वाचला. सूचक स्वतःच झाला. मग हसत खाली उतरून आबांपुढे उभा राहिला.

"अनुमोदन आबांचं. आमच्या वडिलांपासूनचा मान आहे तो."

नारळ पुढे आला. इकडे सोयरीक नारळानं जुळते, आणि परत केला तर तुटते. शेठला हे पक्कं माहीत होतं. आबांनी नारळ घेतला, दोन्ही हातांनी, वाकून. लोकांनी सवयीनं टाळ्या पिटल्या.

"विरोधात कोण?" सेक्रेटरीनं विचारलं.

मागच्या रांगांतून हात वर झाले. शेजारी बसलेला छगन कुजबुजला, "आबा, नारळ खाले ठेवा ना. हात वर करा."

आबांना ऐकू आलं. नारळ ठेवायला मांडी होती, सतरंजी होती, अख्खं गोदाम होतं. ते नारळाच्या शेंडीकडे बघत बसले.

"विरोधात अठरा. बाजूनं, अनुमोदक धरून, चोपन्न. बरोबर तिप्पट. ठराव मंजूर."

आबांचा एक हात विरोधात गेला असता, तर ठराव पडला असता. छगन उठून निघून गेला. जिलेबीला थांबला नाही.

फाटकाशी भिकन चिंधीला तेलकट हात पुसत उभा होता. बापाच्या हातातला नारळ त्याला लांबूनच दिसला.

"यंदाबी मान भेटी गया का, आबा?"

आबांनी नारळ त्याच्यापुढे धरला.

भिकननं हात मागे घेतले. "मन्हा हात खराब शेतस," एवढंच म्हणाला, आणि मशीन बंद करायला आत गेला.