तुंब्यातले बी

मित्रांनो, फळीवरचा हा काळवंडलेला तुंबा म्हणजे मी. वाळवून पोखरलेला भोपळा. आतून पोकळ असलो तरी थापा मारणाऱ्यांतला नाही.

माझा जन्म डोंगरउतारावरच्या राखेतला. तेव्हा आमची माणसे फिरती शेती करत. उताराच्या एका तुकड्यावरचे रान तोडायचे, वाळले की पेटवायचे, राखेत बी टोकायचे, दोन वर्षे पीक घ्यायचे आणि मग बारा वर्षे तिकडे ढुंकूनही पाहायचे नाही. त्या विसाव्यात आधी गवत, मग रानभाज्या, कंद, वेली आणि शेवटी झाडे, अशी एकेकाची पाळी येई.

घरातल्या आजीने मला चुलीवर टांगून धुरावले आणि पोटात बी भरले. नाचणी, राळा, तीळ, तीन रंगांची चवळी, काकडी आणि माझ्या स्वतःच्याही बिया. पेरणीला मी तिच्या कमरेला असे. कुणी बी मागितले की ती मूठभर देई आणि पुढच्या वर्षी त्यांच्याकडून मूठभर आणी. लोक म्हणत, हिच्या तुंब्यात अख्खे रान आहे. मी फुशारून जात असे.

मग उतार जाळायला बंदी आली. आजीच्या मुलाने तिथे एकाच जातीची झाडे ओळीने लावली. त्यांच्या सावलीत गवतसुद्धा धरेना. शेजाऱ्यांनी आपापले तुंबे फेकून दिले. आजीने मात्र माझे तोंड मेणाने बंद केले. बारा वर्षांनी उताराची पाळी येईल, तेव्हा बी लागेल, हा तिचा हिशेब. सुनेने चार दाणे परसात लावायला मागितले, तर तिने चक्क नाही म्हटले. परसात लावणे म्हणजे उताराची आशा सोडणे, असे तिला वाटे.

बी अधूनमधून मातीत गेले तरच जिवंत राहते, हे तिच्याइतके कुणाला ठाऊक होते? पण आशेपुढे शहाणपण चालत नाही. आधी तीळ गेले, मग राळा. मला सारे कळत होते, पण सांगणार कसे?

बारा वर्षे झाली. झाडांच्या ओळी होत्या तशाच होत्या. आजीने मेण फोडले आणि सगळे बी परसात पेरले. महिनाभर ती रोज पाणी घालत होती. एकही कोंब वर आला नाही.

"आई, कुणाकडे तरी असेल की," सून म्हणाली.

"माझ्याकडेच उरलं होतं गं. तू मागितलंस तेव्हाच द्यायला हवं होतं."

आजी आता नाही. माझ्या पोटात मागे राहिलेले चार दाणे तेवढे उरले आहेत. धाकटी नात मला खुळखुळ्यासारखे वाजवते आणि हसते. त्यातला एक दाणा माझ्या जातीचा आहे. तोही मेल्याचे तिला कुणी सांगितलेले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी असे बी असेल तर जपून ठेवू नका. पेरा. आणि कुणी मागितले, तर त्याच दिवशी मूठभर द्या.